अध्यक्षपदाची शेजपाळी

मराठवाड्यात १७ सप्टेंबर हा मुक्तिदिन. विष्णुपुरी येथील स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापनाही १९९४ साली याच तारखेस झाली. झेंडावंदन, भाषणे आणि हुतात्म्यांचे स्मरण यांनी हा दिवस दरवर्षी साजरा होतो. परंतु त्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे १६ सप्टेंबर १९४८ रोजी, याच प्रदेशाचा प्रश्न हजारो मैलांवरील पॅरिस शहरात एका आंतरराष्ट्रीय सभेपुढे आला होता, हे मात्र क्वचितच कोणी सांगते. निजामाच्या सरकारने २१ ऑगस्ट रोजीच संयुक्त राष्ट्रसंघाकडे भारताविरुद्ध तक्रार केली होती. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि तिसऱ्याच दिवशी सुरक्षा परिषदेची बैठक भरली. हैदराबादच्या वतीने मोईन नवाज जंग आणि भारताच्या वतीने रामस्वामी मुदलियार तेथे उपस्थित होते. हा विषय चर्चेस घ्यावा की नाही यावर मतदान झाले. आठ मते अनुकूल पडली, विरोधात कोणीच गेले नाही, तिघे तटस्थ राहिले. दुसऱ्या दिवशी निजामाने शस्त्रे खाली ठेवली, २२ तारखेला तक्रार मागे घेत असल्याची तार केली, आणि परिषदेपुढील प्रश्नातला प्राणच निघून गेला.

त्या बैठकीच्या अध्यक्षस्थानी होते ब्रिटनचे सर अलेक्झांडर कॅडोगन. ज्या साम्राज्याने जेमतेम वर्षापूर्वी हा देश सोडला आणि ज्याने निजामाला पिढ्यान्‌पिढ्या आपला विश्वासू मित्र म्हणून मिरवले, त्याच साम्राज्याचा प्रतिनिधी या वादाच्या वेळी अध्यक्षाच्या खुर्चीत असावा, हा योगायोग विलक्षणच म्हटला पाहिजे. कॅडोगन यांना कोणी निवडून दिले नव्हते. सुरक्षा परिषदेचे अध्यक्षपद सभासद राष्ट्रांच्या इंग्रजी नावांच्या वर्णानुक्रमाने दर महिन्याला पुढे सरकते. ऑगस्टमध्ये ते सोव्हिएत संघाकडे होते, सप्टेंबरमध्ये ब्रिटनकडे आले, ऑक्टोबरमध्ये अमेरिकेकडे जायचे होते. मराठवाड्याच्या प्रश्नावर कोणी अध्यक्ष असावे हे इंग्रजी बाराखडीने ठरविले होते! ज्या राष्ट्राचा विषयाशी थेट संबंध आहे त्याने त्यापुरते आसन सोडावे, अशी तरतूद नियमात आहे. पुढच्याच महिन्यात बर्लिनच्या कोंडीचा प्रश्न आला तेव्हा अमेरिकेने आपली पाळी बाजूला ठेवून अर्जेंटिनाच्या ब्रामुग्लिया यांना अध्यक्षस्थान दिले. हैदराबादच्या वेळी तसे काही झाले नाही आणि कॅडोगन खुर्चीवर राहिले. युद्धभूमीवरील घटना इतक्या वेगाने घडल्या की अध्यक्ष कोण होता याने शेवटी काही बिघडले नाही. पण ती कारवाई आणखी महिनाभर चालली असती तर?

अध्यक्षाच्या हाती असते तरी काय, असा प्रश्न येथे कोणी विचारील. वेळ पाहणे, घंटा वाजविणे, वक्त्यांची नावे पुकारणे, एवढेच काम असेल तर त्या जागेसाठी राष्ट्राराष्ट्रांत चढाओढ कशासाठी? याचे उत्तर १२ नोव्हेंबर १९७४ रोजी आमसभेत मिळाले. वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेच्या शिष्टमंडळाची अधिकारपत्रे आमसभा १९७० पासून नामंजूर करीत आली होती. तथापि नॉर्वेचे एडवर्ड हांब्रो अध्यक्ष असताना त्यांनी त्या नामंजुरीचा अर्थ ‘कडक निषेध’ एवढाच लावला आणि शिष्टमंडळ सभागृहात बसत राहिले. १९७४ साली अल्जीरियाचे अब्दुलअझीझ बुतेफ्लिका अध्यक्ष झाले. त्यांच्यापुढे तशीच नामंजुरी आली. त्यांनी निर्णय दिला की अधिकारपत्रे नामंजूर होणे याचाच अर्थ या शिष्टमंडळाला कामकाजात भाग घेता येणार नाही. या निर्णयाला आव्हान दिले गेले, मतदान झाले, आणि ९१ विरुद्ध २२ मतांनी अध्यक्षांचा निर्णय कायम झाला. तटस्थ १९ होते. चार वर्षांत नामंजुरी बदलली नव्हती, तिचा अर्थ सांगणारा माणूस बदलला होता. अध्यक्षाला स्वतःचे मत नसते. त्याच्या देशाचे मत शिष्टमंडळातील दुसरा सभासद देतो. परंतु अर्थ लावण्याचा अधिकार हा मताच्या अधिकाराहून कधीकधी मोठा ठरतो, हे कोणत्याही संस्थेच्या सभेचे इतिवृत्त लिहिणाऱ्या कारकुनालाही ठाऊक असते.

अशा अध्यक्षाची निवड कशी होते? संयुक्त राष्ट्रसंघाच्या सनदेतील एकविसावे कलम त्रोटक आहे: आमसभेने आपले नियम आपण करावेत आणि प्रत्येक अधिवेशनासाठी आपला अध्यक्ष निवडावा. नियमांप्रमाणे मतदान गुप्त असते आणि, आपल्याकडील वाचकांना नवल वाटावे अशी गोष्ट म्हणजे, उमेदवाराचे नाव सभागृहात सुचविण्याची सोयच नाही. आपल्या लोकसभेत सभापतीची निवड प्रस्तावाने आणि उघडपणे होते. १९५२ साली गणेश वासुदेव मावळंकर यांच्या विरोधात शंकर शांताराम मोरे उभे राहिले तेव्हा ३९४ विरुद्ध ५५ असा स्पष्ट कौल सर्वांसमक्ष लागला. आमसभेत मात्र कोरी चिठ्ठी हाती येते आणि तिच्यावर नाव लिहायचे असते. उपस्थित राहून मत देणाऱ्यांचे बहुमत मिळाले की निवड झाली. न मिळाल्यास पहिल्या दोघांत पुन्हा मतदान. तेही समसमान झाले तर सोडत. १० जानेवारी १९४६ रोजी लंडनमध्ये पहिला अध्यक्ष निवडला गेला. सोव्हिएत बाजूने नॉर्वेचे त्रिग्वे ली यांना टाळ्यांच्या गजरात निवडून टाकण्याची खटपट झाली. ती साधली नाही आणि गुप्त मतदानात बेल्जियमचे पॉल-हेन्री स्पाक २८ विरुद्ध २३ मतांनी विजयी झाले. पराभूत ली त्यानंतर काही दिवसांतच संघाचे पहिले सरचिटणीस झाले, ही गोष्ट वेगळी. हरलेल्याची सोय लावण्याची विद्या केवळ आपल्या जिल्हा परिषदांनाच अवगत आहे असे नव्हे.

महाराष्ट्राचा या खुर्चीशी जवळचा संबंध आला तो १९५३ साली. १५ सप्टेंबर १९५३ रोजी आठव्या अधिवेशनाच्या अध्यक्षपदी विजयालक्ष्मी पंडित निवडून आल्या. ‘पंडित’ हे आडनाव त्यांना मिळाले ते रणजित सीताराम पंडित यांच्याशी झालेल्या विवाहामुळे. मूळच्या कोकणातील आणि राजकोटला स्थिरावलेल्या मराठी घराण्यातील हा विद्वान बॅरिस्टर. कल्हणाच्या ‘राजतरंगिणी’चे त्याने केलेले इंग्रजी भाषांतर आजही अभ्यासले जाते. १९४४ साली, तुरुंगवासाने प्रकृती खालावून, त्यांचे निधन झाले. पुढे १९६२ ते १९६४ या काळात विजयाबाई महाराष्ट्राच्या राज्यपालही होत्या. १९५३ ची त्यांची निवड बिनविरोध नव्हती. थायलंडचे राजपुत्र वान यांच्याशी सामना होता. त्यावेळी प्रदेशांची कोणतीही लेखी पाळी ठरलेली नव्हती. कोणता देश, कोणती व्यक्ती आणि कोणती घटका, या तिहींचा मेळ बसावा लागे. तो कसा बसला हे पाहण्यासारखे आहे. कोरियातील युद्ध जुलैमध्ये थांबले होते. युद्धकैद्यांच्या प्रश्नासाठी नेमलेल्या तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्षपद भारताकडे आले होते. मात्र कोरियाविषयीच्या राजकीय परिषदेत भारताला जागा देण्यास अमेरिकेचा विरोध होता. ऑगस्टमध्ये समितीत मते पडली तेव्हा भारताच्या बाजूला संख्या अधिक असूनही दोन-तृतीयांश बहुमत दिसेना आणि भारताने आपले नाव मागे घेतले. त्यानंतर तीनच आठवड्यांच्या आत त्याच सभेने एका भारतीय स्त्रीला अध्यक्षस्थानी बसविले. परिषदेतील खुर्ची नाकारलेल्या देशाला सभेची खुर्ची मिळाली. राजकारणात अशी भरपाई होत असते. म्हणून व्यक्तीची योग्यता कमी होत नाही. १९४६ पासून दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांचा प्रश्न आमसभेत लढविणाऱ्या या बाईंचा अधिकार त्या सभागृहाने पाहिलेला होता. राजपुत्र वान यांनाही १९५६ साली तेच पद मिळाले.

१९७८ मध्ये आमसभेने एक ठराव करून या अनिश्चिततेला शिस्त लावली. जगाचे पाच गट: आफ्रिका, आशिया, पूर्व युरोप, लॅटिन अमेरिका, आणि पश्चिम युरोप व इतर. प्रत्येक गटाची पाळी पाच वर्षांनी. सनाचा शेवटचा अंक १ किंवा ६ असेल तर आशिया, २ किंवा ७ तर पूर्व युरोप, ३ किंवा ८ तर लॅटिन अमेरिका, ४ किंवा ९ तर आफ्रिका, आणि ५ किंवा शून्य असेल तर पश्चिम युरोप व इतर. विष्णुपुरीच्या परिसरातील शेतकऱ्याला ही व्यवस्था समजावून सांगण्याची गरज पडणार नाही. गोदावरीवरील बंधाऱ्याचे पाणी उपसून कालव्यात सोडले जाते तेव्हा कोणाच्या शेताला कोणत्या दिवशी किती तास पाणी, हे पाटबंधारे खात्याच्या शेजपाळीने ठरते. शेजपाळीचे तत्त्व असे की पाणी टेलच्या शेतकऱ्यापासून द्यावे, कारण हेडवर बसलेला मनुष्य आपल्या बळावर घेतोच. दुबळ्याचे हित पाळीतच असते. आमसभेतही नेमके हेच झाले. १९८१ पासून आशियाच्या पाळीत आलेले देश पाहावेत: इराक, बांगलादेश, सौदी अरेबिया, मलेशिया, दक्षिण कोरिया, बहारीन, कतार, फिजी, मालदीव. खुल्या स्पर्धेत फिजीला किंवा मालदीवला कोणी विचारले असते काय?

आणि पाळी आली म्हणजे स्पर्धा संपली असेही नाही. १९८१ साली आशियाच्या पहिल्याच पाळीत तिघे उभे राहिले. इराकचे इस्मत कित्तानी यांना ६४, बांगलादेशाचे ख्वाजा मोहम्मद कैसर यांना ४६ आणि सिंगापूरचे टॉमी को यांना ४० मते पडली. बहुमत कोणालाच नाही. दुसऱ्या फेरीत कित्तानी ७३, कैसर ७३! मावळते अध्यक्ष, पश्चिम जर्मनीचे फॉन वेखमार यांनी चिठ्ठी काढली आणि कित्तानी अध्यक्ष झाले. ग्रामपंचायतीत समान मते पडली की चिठ्ठी निघते आणि तिची बातमी आपण गमतीने वाचतो. दीडशे राष्ट्रांच्या सभेतही याहून वेगळा उपाय कोणाला सुचलेला नाही. २०१६ मध्ये फिजीचे पीटर थॉमसन सायप्रसच्या उमेदवारापेक्षा केवळ चार मतांनी, ९४ विरुद्ध ९० असे, पुढे राहिले.

परंतु अशा लढती अपवादात्मक. बहुतेक वर्षी गट आपसांत एक नाव ठरवितो, जून महिन्यात ते आमसभेपुढे येते, कोणी मतदान मागितले नाही तर टाळ्या वाजतात आणि निवड पार पडते. येथेच या व्यवस्थेचे खरे दुखणे आहे. पाळी कोणाची हे सगळ्यांना माहीत असते. त्या पाळीत नेमका कोण, हे मात्र बंद दाराआड ठरते. शेजपाळीत तसे चालत नाही. तेथे नमुना ७ चा अर्ज भरावा लागतो, आणि कोणाच्या पाण्यानंतर कोणाचे पाणी याची यादी चारीवरील प्रत्येकाला ठाऊक असावी अशी अपेक्षा असते. ती यादी गुप्त राहिली तर पहिल्याच आवर्तनात भांडणे होतील. आमसभेत भांडणे झाली नाहीत, दुसरेच काही झाले. २०१३ मध्ये लॅटिन अमेरिकेच्या पाळीत अँटिग्वा व बार्बुडाचे जॉन अ‍ॅश असेच टाळ्यांच्या गजरात निवडले गेले. पद सोडल्यानंतर वर्षभराने, ऑक्टोबर २०१५ मध्ये, अमेरिकेत त्यांना अटक झाली. चिनी व्यावसायिकांकडून दहा लाख डॉलरहून अधिक रक्कम घेतल्याचा ठपका त्यांच्यावर होता. खटला उभा राहण्यापूर्वीच, जून २०१६ मध्ये, त्यांचा मृत्यू झाला. त्यामुळे त्यांच्याविषयीचा आरोप आरोपच राहिला. त्याच प्रकरणातील मकाऊच्या एका धनाढ्य व्यावसायिकाला मात्र २०१७ मध्ये न्यायालयाने दोषी ठरविले.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने यातील एक बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. आमसभेच्या अध्यक्षाला संयुक्त राष्ट्रसंघ वेतन देत नाही. त्याच्या वास्तव्याचा आणि कार्यालयाचा बराचसा भार त्याच्या देशाने उचलावा, असे गृहीत असते. जर्मनी किंवा तुर्कस्तान तो सहज उचलील. लाखभर लोकवस्तीच्या अँटिग्वा व बार्बुडाने तो कोठून उचलावा? पाळीने लहान देशाला खुर्ची दिली. खुर्चीचा खर्च दिला नाही. टेलच्या शेतकऱ्याला पाणी मंजूर करावे आणि चारी मात्र त्याने स्वतःच्या पैशाने खणावी, असाच हा प्रकार. मग कोणी सावकार चारी खणून देण्यास पुढे आला तर त्याने त्या पाण्यावर हक्क सांगितल्याचे आश्चर्य कशाला वाटावे? या प्रकरणानंतर २०१६ मध्ये अध्यक्षासाठी शपथ, आचारसंहिता आणि मालमत्तेचे प्रकटीकरण आले. उमेदवारांनी आपले म्हणणे लेखी मांडावे आणि सभासद राष्ट्रांच्या प्रश्नांना समोरासमोर उत्तरे द्यावीत, अशीही प्रथा पडत गेली. सुधारणा योग्य दिशेच्या आहेत. मात्र वेतनाचा मूळ प्रश्न जेथल्या तेथेच आहे.

गुप्त मतदान हा निव्वळ उपचार नाही, हे जून २०२५ मध्ये पुन्हा दिसले. पश्चिमी गटाची पाळी होती. जर्मनीने आधी ठरविलेल्या हेल्गा श्मिड या अनुभवी अधिकाऱ्याऐवजी माजी परराष्ट्रमंत्री अ‍ॅनालेना बेअरबॉक यांचे नाव पुढे केले. नाव एकच होते, तरी रशियाने गुप्त मतदानाची मागणी केली. बेअरबॉक १६७ मतांनी निवडून आल्या. पण सात चिठ्ठ्यांवर श्मिड यांचे नाव निघाले आणि चौदा जण तटस्थ राहिले. सात मतांनी काही अडले नाही. ज्या खोलीत नाव बदलले गेले तिच्या बाहेरच्यांनाही त्याविषयी मत आहे, एवढी नोंद मात्र झाली. बेअरबॉक या ८० अधिवेशनांतील केवळ पाचव्या स्त्री अध्यक्ष. प्रदेशांची पाळी कागदावर आली. स्त्रियांची अजून कोणी कागदावर आणलेली नाही.

याहून अगदी वेगळी रीत लातूरकरांनी आपल्या माणसाच्या निमित्ताने पाहिली आहे. १८८९ मध्ये स्थापन झालेल्या आंतरसंसदीय संघाची ८९ वी परिषद एप्रिल १९९३ मध्ये नवी दिल्लीत भरली, तेव्हा तिचे अध्यक्षस्थान लातूरचे खासदार व लोकसभेचे सभापती शिवराज पाटील चाकूरकर यांच्याकडे आले. लातूरचे नगराध्यक्ष, महाराष्ट्र विधानसभेचे अध्यक्ष आणि लोकसभेचे सभापती अशा पायऱ्या चढत ते तेथे पोहोचले होते. पण त्या परिषदेचे अध्यक्षपद त्यांना मिळाले ते या पायऱ्यांमुळे नव्हे. यजमान संसदेच्या सभापतीने परिषद चालवावी, असा या संघाचा प्रघात आहे. घरच्याने पाट मांडायचा आणि पंगतही त्यानेच चालवायची, असा हा सरळ हिशेब. याच महिन्यात त्यांच्याच कारकिर्दीत लोकसभेच्या विभागवार स्थायी समित्यांचे काम सुरू झाले, आणि २४ एप्रिलला पंचायत राज्याची घटनादुरुस्ती अमलात येऊन सरपंचपदाची चक्राकार पाळीही देशभर लागू झाली.

परिषदेचा अध्यक्ष हा चार-सहा दिवसांचा. आंतरसंसदीय संघाचा अध्यक्ष तीन वर्षांचा. त्याला संघाचे नियामक मंडळ गुप्त मतदानाने निवडते. लागोपाठ दुसरी संधी त्याला नाही आणि त्याचा वारस दुसऱ्याच देशाच्या संसदेतला असावा लागतो. गटांमध्ये पद फिरते राहावे असा प्रयत्न करण्यास नियम सांगतात. आमसभेसारखे सनाच्या अंकाशी ते बांधलेले नाही. १९७३ मध्ये गुरदयालसिंग धिल्लाँ आणि १९९९ मध्ये, बर्लिन येथे, महाराष्ट्रातून राज्यसभेवर गेलेल्या नजमा हेपतुल्ला यांनी हे पद मिळविले. ते मिळविणाऱ्या हेपतुल्ला या पहिल्याच स्त्री. कठोर पाळी नसली तरी फेरपालट साधता येतो, याचे हे उदाहरण डावलण्यासारखे नाही.

आमसभेतील भारताचे खाते मात्र १९५३ नंतर कोरे आहे. याबद्दल खेद करावा काय? हिशेब करून पाहावा. आशिया व पॅसिफिक गटात पन्नासहून अधिक देश आहेत आणि पाळी पाच वर्षांनी येते. प्रत्येकाला एकदा खुर्ची मिळायची तर अडीचशे वर्षांहून अधिक काळ लागेल. पूर्व युरोपच्या गटात २३ देश. त्यांचे वर्तुळ ११५ वर्षांत पुरे होईल. गटागटांतील समानता आणि देशादेशांतील समानता या दोन भिन्न वस्तू आहेत, हे कालव्यावरच्या माणसाला ठाऊक असते: मोठ्या चारीवर खातेदार जास्त म्हणून प्रत्येकाचे तास कमी. एकदा पाणी घेतलेल्याने या गर्दीत पुन्हा रांगेत घुसणे शोभणारे नाही. भारताने अलीकडे दुसरा मार्ग पत्करला. २०२१ मध्ये मालदीवचे अब्दुल्ला शाहिद उभे राहिले तेव्हा भारताने त्यांना उघड पाठिंबा दिला. ते १४३ विरुद्ध ४८ मतांनी निवडून आले, आणि त्यांच्या कार्यालयाचे प्रमुख म्हणून नागराज नायडू हे भारतीय राजनैतिक अधिकारी गेले.

यापलीकडची अडचण वेगळीच आहे. सुरक्षा परिषदेच्या पाच कायम सभासदांपैकी कोणीही आमसभेच्या अध्यक्षपदासाठी उभे राहत नाही, असा अलिखित संकेत १९४६ पासून पाळला गेला आहे. भारत गेली कित्येक वर्षे त्याच कायम सभासदत्वाची मागणी करीत आहे. ती मान्य झाली आणि संकेतही टिकला, तर विजयालक्ष्मी पंडित या आमसभेच्या पहिल्या भारतीय अध्यक्ष होत्या तशाच शेवटच्याही ठरतील.